कातडी आणि गिलावा : सुधीर पटवर्धन यांची माणसं आणि इमारती

मघाशी बाहेर चहा घेताना एक गृहस्थ मला म्हणाले, शीर्षकावरून कळत नाही, व्याख्यान त्वचारोगावर आहे की इमारत-दुरुस्तीवर? मी म्हटलं, दोन्हीवर थोडं थोडं आहे. (हशा) आयोजकांनी पाऊण तास दिलाय. मी एकाच चित्रकाराबद्दल बोलणार आहे. मध्ये दोन पाहुणे चित्रकार येतील, पण ते लगेच जातील. आणि एक सूचना आधीच करतो, पडद्यावर रंग जरा पिवळट दिसताहेत. मूळ चित्रं इतकी उबदार नाहीत. त्यामुळे रंगाबद्दल मी काही बोललो तर डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवा.

चित्रकार म्हणजे सुधीर पटवर्धन. जन्म १९४९, पुण्याचा. पुण्याच्याच आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमधून १९७२ साली ते डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला आले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. दिवसा एक्स-रे आणि उरलेल्या वेळात चित्रं. २००५ नंतर मात्र पूर्णवेळ चित्रं.

हा तपशील त्यांच्याबद्दलच्या जवळपास प्रत्येक लेखात येतो, आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, की हा चित्रकार एक्स-रेसारखा माणसाच्या आरपार बघतो. वाक्य ऐकायला छान आहे. पण तुम्ही त्यांच्या चित्रांसमोर उभे राहा आणि मला एक आरपार दिसणारा माणूस दाखवा. मला तरी सापडलेला नाही. तीस वर्षं रोज ज्यानं माणसांच्या बरगड्या पाहिल्या, त्यानं आपल्या कॅनव्हासवर बाहेरची बाजू रंगवली. शर्ट, बनियन, दंड, मानेची वळी. आणि नंतर भिंती, पत्रे, ग्रिल, ओल. आजचा माझा प्रश्न एवढाच आहे, की असं का? आणि त्यातून काय साधलं, काय साधलं नाही?

एक्स-रेचा विचार थोडा करू. १८९५ च्या डिसेंबरात राँटगेननं आपल्या बायकोच्या हाताचा क्ष-किरणांनी फोटो घेतला. तुम्ही तो पाहिला असेल. हाडं आहेत, बोटात अंगठी आहे, आणि भोवती मांसाची नुसती सावली. कातडी नाहीच. त्या फोटोवरून बाईचं वय सांगता येईल थोडंफार, पण ती उन्हात राबली की सावलीत बसली, हे नाही सांगता येणार. तिच्या अंगावरची साडी, म्हणजे त्यांच्याकडचा झगा, तो सुती होता की रेशमी, हेही नाही. एक्स-रे एका अर्थानं फार समतावादी आहे. हमालाची बरगडी आणि हेडक्लार्कची बरगडी शेजारी शेजारी लावा, कोणाची कुठली, हे ओळखणं अवघड जाईल. जात, कामधंदा, पगार, चाळ की ब्लॉक, हे सगळं गळून पडतं. डॉक्टरला ते गळून पडायलाच हवं असतं, नाहीतर रोग दिसणार नाही.

चित्रकाराला मात्र जे गळून पडतं नेमकं तेच हवं असतं. निदान या चित्रकाराला. सत्तरच्या दशकातला हा तरुण डॉक्टर डाव्या विचारांनी भारलेला होता. त्याला कामगार रंगवायचा होता. आणि माणूस कामगार आहे हे हाडात लिहिलेलं नसतं. ते वर लिहिलेलं असतं.

आता हे पाहा. 'रनिंग वुमन' आणि 'इराणी रेस्टॉरंट', दोन्ही १९७७ ची. आकृतीनं जवळजवळ सगळा कॅनव्हास अडवलाय, हे तर कुणाच्याही लक्षात येतं. माझं म्हणणं अवयवांबद्दल आहे. हे हातपाय बांधलेले आहेत. 'बांधलेले' हा शब्द मी गवंडीकामातला वापरतोय. मांडी म्हणजे एक खांब, दंड म्हणजे दुसरा, आणि जोडाजवळ जसं वजन पेलायचं असतं तसं ते पेललेलं आहे. सेझान डोळ्यांसमोर येतो, थोडा लेजे येतो. माणूस जमिनीवर घट्ट उभा राहावा, कुणी ढकलला तर पडू नये, अशी सगळी रचना. त्या काळात कामगाराचं चित्र काढायचं म्हणजे एकतर त्याला दीनवाणा करायचं नाहीतर पोस्टरवरचा वीर करायचं, मूठ वर केलेला. पटवर्धनांनी दोन्ही टाळलं. त्याला वजन दिलं. वजन असलेल्या माणसाची कीव करणं अवघड असतं.

इथं मला थोडं घरचं सांगायचं आहे. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते, लेथवर. मी कॉलेजात असताना एका प्रदर्शनाचं कॅटलॉग घरी आणलं होतं. त्यात पटवर्धनांचा एक बनियनमधला माणूस होता. वडिलांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, ही कसली चित्रं. ते म्हणाले, "माणूस दमलाय बरोबर. पण हात धुतलेले आहेत रे."

मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, एवढी नेमकी टीका मी नंतर कुठल्या समीक्षेत वाचली नाही. लेथवर काम करणाऱ्याचे हात धुऊन स्वच्छ होत नाहीत. तेल आणि लोखंडाचा बारीक कीस बोटांच्या चिरांत जाऊन बसतो. रॉकेलनं धुवा, साबणानं धुवा, नखांच्या कडेला एक काळी रेघ राहतेच. माझ्या आईच्या पोळपाटावर ती रेघ कधी उमटली नाही, पण लग्नाच्या फोटोतल्या हातावर आहे. वडिलांना चित्रातल्या माणसात ती दिसली नाही. म्हणजे आकार कामगाराचा होता आणि कातडी मूर्तीची होती. पटवर्धनांनी शरीराला घनता दिली, बाक दिला, थकवा दिला, पण त्या पहिल्या दशकात कातडीवरचं लिखाण फारसं वाचलेलं नाही. पृष्ठभाग आहे, पण तो दगडाचा असावा तसा, एकसंध.

याचं कारण मला असं वाटतं, की ते लिखाण वाचायला जवळ जावं लागतं, आणि तितकं जवळ जाण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हा प्रश्न त्यांना पडलेला होता. एक उदाहरण उलट बाजूचं देतो. हा पहिला पाहुणा. लंडनचा ल्युशियन फ्रॉइड. फ्रॉइड एकेका मॉडेलला महिनोन्‌महिने समोर बसवायचा, शेकडो तास. जाड पांढऱ्या रंगाचे थर देत देत कातडी अशी रंगवायचा की शिरा, डाग, सैल पडलेलं मांस, सगळं. आणि गंमत म्हणजे त्यानं शहरही तसंच रंगवलं. १९७० ते ७२ मध्ये त्यानं पॅडिंग्टनच्या आपल्या जागेच्या खिडकीतून दिसणारी घरांची मागची बाजू रंगवली. 'वेस्टग्राउंड विथ हाऊसेस'. खाली कचऱ्याचा ढीग, वर धुराडी, भिंतींची वीट न्‌ वीट. तो इमारतीलाही मॉडेलसारखा समोर बसवतो. त्याचं नातं कोणाशी आहे? जो थांबतो त्याच्याशी. पैशासाठी, मैत्रीखातर, कशाहीसाठी, पण समोर थांबतो.

मुंबईतला माणूस थांबत नाही. लोकलमध्ये समोर उभा असलेला माणूस तुम्हाला मुलुंडपासून भांडुपपर्यंत दिसतो. चौथ्या सीटवर बसलेल्याचा कान, कानामागचा घाम, कॉलरला मिठाची पांढरी कड. एवढं जवळून तुम्ही आपल्या भावालाही पाहिलेलं नसतं. आणि तरी नियम असा, की टक लावून बघायचं नाही. बघायचं, आणि खिडकीबाहेर नजर न्यायची. पटवर्धनांची सुरुवातीची नजर ही आहे. प्रवाशाची. डॉक्टरकीनं त्यांना आतलं बघायची परवानगी दिली होती, चित्रकार म्हणून ती परवानगी त्यांनी वापरली नाही. समोरचा माणूस जेवढं दाखवतो तेवढंच घ्यायचं. मला हा संयम फार मोलाचा वाटतो. पण त्याची किंमतही आहे, आणि वडिलांच्या त्या वाक्यात ती किंमत आली.

रणजित होस्कोटे यांनी २००४ साली पटवर्धनांवर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव आहे 'द कॉम्प्लिसिट ऑब्झर्व्हर'. बघणारा, पण बघता बघता त्या व्यवहारात सामील असलेला. हा ताण स्वतः पटवर्धनांनीही लपवलेला नाही. आपण ज्यांना रंगवतो त्यांना त्या चित्रात स्वतःला पाहता यावं, ही इच्छा त्यांनी बोलून दाखवली आहे. ही इच्छा सोपी नाही. चित्र दिल्लीत लागतं, मुंबईत जहांगीरला लागतं, तिथं तो माणूस येत नाही. माझ्या वडिलांपर्यंत ते पोचलं ते माझ्यामुळे, आणि तेही छापील.

दुसरा पाहुणा, गीव्ह पटेल. हेही डॉक्टर. मुंबई सेंट्रलजवळ त्यांचा दवाखाना होता, जनरल प्रॅक्टिस. कवी, नाटककार, चित्रकार. २०२३ साली गेले. दोन डॉक्टर, एकच शहर, आणि केवढा फरक बघा. पटेलांच्या १९८४ च्या चित्रांची नावंच ऐका, 'क्रश्ड हेड', 'ड्राउन्ड वुमन'. चिरडलेलं डोकं, बुडालेली बाई. पटेलांकडे कातडी फाटते. मेलेल्या माणसाकडे टक लावून बघता येतं, तो नजर वळवत नाही, आणि पटेल तसे बघतात, क्रूर वाटावं इतकं, आणि तरी त्यात एक माया आहे. आता पटवर्धनांचं 'अ‍ॅक्सिडेंट ऑन मे डे', १९८१. विषय अपघाताचाच. रेल्वे आहे, गर्दी आहे. पण चित्र जखमेचं नाही, जमलेल्या माणसांचं आहे. रेडिओलॉजिस्ट मोडलेलं हाड रोज बघतो, म्हणून की काय, चित्रात त्यानं शरीर मोडू दिलं नाही. ते कामगारदिनी घडतं हे मात्र नावात सांगितलं. त्याच वर्षी 'प्लेस फॉर पीपल' हे गाजलेलं प्रदर्शन झालं. त्यात पटवर्धन होते, भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी होते. माणसाची आकृती आणि त्याची जागा चित्रात परत आणायची, असा सगळ्यांचा आग्रह.

जागा. आता आपण जागेकडे वळू.

ऐंशीच्या दशकात पटवर्धनांच्या चित्रांत माणसाच्या मागची पार्श्वभूमी हळूहळू पुढे यायला लागते. 'टाउन' १९८४ चं, 'नाला' १९८५ चं. ठाणं. इथं बसलेल्या अनेकांना ते ठाणं आठवत असेल, टेकड्या, कारखाने, मध्येच शेत, नाल्याच्या काठाची वस्ती. 'टाउन'मध्ये एकाच जागेवरून शहर बघता येत नाही, नजर फिरवत न्यावी लागते. शेख यांच्यासारख्या समकालीनांना सिएनाच्या जुन्या भित्तिचित्रांचं वेड होतं. आम्ब्रोजो लोरेंझेत्तीनं १३३८-३९ मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर अख्खं शहर रंगवलं, त्यात वर एका इमारतीचं काम चालू आहे आणि गवंडी परांचीवर उभे आहेत. मला ते चित्र आवडतं ते त्या गवंड्यांसाठी. शहर बांधून संपलेलं नाही, हे जवळजवळ सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलंय. असो.

इमारतीची कातडी म्हणजे काय, हे मला कळलं ते आमच्या सोसायटीत. इमारतीला पस्तीस वर्षं झाली, जिन्यातला गिलावा पडला, मग तपासणी आली. तपासणीला आलेला माणूस हातात छोटी हातोडी घेऊन भिंतीवर टक्‌ टक्‌ करत चालला होता. कान लावून. भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की खडूनं गोल. मी त्याला म्हटलं, तुम्ही डॉक्टरसारखं करताय. छातीवर बोट ठेवून वर टिचकी मारतात ना, तसं. नंतर वाचलं, की ती टिचकीची पद्धत शोधणारा आउएनब्रुग्गर हा ऑस्ट्रियन डॉक्टर खाणावळवाल्याचा मुलगा होता आणि वडील पिंपं ठोकून दारू किती उरली ते बघायचे, तिथून त्याला सुचलं. १७६१ साली त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. पिंप, छाती, भिंत. आत काय चाललंय ते पृष्ठभाग सांगतो, फक्त त्याच्याशी बोलायला यावं लागतं. आत लोखंड गंजलं की ते फुगतं, काँक्रीटला आतून ढकलतं, आणि बाहेर आधी केसाएवढी चीर येते, मग तपकिरी डाग, मग पोपडा. पृष्ठभाग हा उथळ असतो असं आपण भाषेत म्हणतो, 'वरवरचं' म्हणतो. बांधकामात तसं कुणी म्हणणार नाही.

मुंबई-ठाण्याच्या पावसात भिंत पाच वर्षांत म्हातारी होते. खिडकीच्या छज्जाखाली काळे ओघळ, गच्चीच्या कडेला शेवाळ, पाइपाच्या जोडाशी पिंपळ. त्यावर माणसानं केलेली मलमपट्टी, म्हणजे पत्रा, निळी ताडपत्री, बंद केलेली बाल्कनी, एकाच इमारतीला चार रंगांचे तुकडे, कारण चार जणांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे रंग काढला. रंगारी आधी लांबी भरतो, मग रंग. दोन पावसाळ्यांत लांबी फुगून येते. मला सांगा, याहून अधिक व्यक्तिगत कातडी कुठली?

आता दोन मोठी चित्रं. दोन्ही २००१ ची. 'उल्हासनगर' आणि 'लोअर परळ'.

मधल्या वीस वर्षांत काय झालं ते एका दमात सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली, सुमारे अडीच लाख कामगार. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही, विरून गेला. ज्या शरीराला पटवर्धनांनी वजन दिलं होतं, त्याचं शहरातलं वजन गेलं. मग १९९२-९३ च्या दंगली. त्या दिवसांत कातडी वाचण्याला वेगळाच अर्थ आला. दाढी, टोपी, कुंकू, आणि त्याही पलीकडे कपडे उतरवून केलेली ओळखपरेड. लोकलमधली ती 'बघायचं पण टक लावायची नाही' ही सभ्यता त्या दोन महिन्यांत मोडली. पटवर्धनांनी १९९६ मध्ये 'रायट' केलं. त्या चित्रापाशी मी आज थांबणार नाही, पण माझा एक कयास आहे. तो कयासच आहे, पुरावा मागू नका. ज्या पृष्ठभागावर त्यांचा विश्वास होता तो माणसाला मारण्यासाठी वाचला जातो हे पाहिल्यावर त्यांना थोडं लांब जावंसं वाटलं असावं. नंतरच्या मोठ्या चित्रांत माणूस लहान होतो आणि इमारत पुढे येते.

'उल्हासनगर' बघा. हे नाव ऐकलं की लोक हसतात, नकली माल वगैरे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवलं, त्यातून हे गाव उभं राहिलं. अजूनही तिथले लोक कॅम्प नंबर सांगतात पत्ता म्हणून. म्हणजे हे शहर मुळात तात्पुरतं होतं, आणि त्या तात्पुरत्यावर मजले चढत गेले. पटवर्धनांनी ते उंचावरून घेतलंय, इमारतीला इमारत खेटून, श्वास घ्यायला जागा नाही. आणि इथं, माझ्या मते, त्यांच्या हाताला पहिल्यांदा कातडी सापडली. भिंतींच्या रंगाकडे बघा. एक राखाडी दुसऱ्या राखाडीसारखा नाही. प्रत्येक भिंतीला तिचं वय आहे, तिची डागडुजी आहे. १९७७ च्या माणसाच्या दंडाला जे मिळालं नव्हतं ते २००१ च्या भिंतीला मिळालंय. नखाकडेची ती काळी रेघ इथं खिडकीच्या छज्जाखाली आली. हे माझे वडील असते तर त्यांना दाखवलं असतं.

तर मग माणूस गेला का चित्रातून? अनेकांनी ही तक्रार केली आहे, की पटवर्धन कामगाराला सोडून देखाव्याकडे वळले. मला ती तक्रार अर्धीच मान्य आहे. हे देखावे नाहीत. ज्या हातांचा मोबदला गेला, युनियन गेली, ज्यांना आता 'कामगार' असं एका शब्दात म्हणताही येत नाही, कुणी वॉचमन झाला, कुणी भाजी विकतो, कुणी गावी परतला, त्यांचा ठसा उरतो तो त्यांनी बांधलेल्या, वाढवलेल्या, सारवलेल्या भिंतीवर. चित्रकार तो ठसा रंगवतोय. भिंत ही इथं माणसाच्या ऐवजी आलेली आहे.

आणि अर्धी तक्रार खरी का, ते 'लोअर परळ'मध्ये दिसतं. गिरण्यांचं जुनं परळ आणि वर येणारं नवं परळ एकाच कॅनव्हासवर. त्याच २००१ साली गिरण्यांच्या जमिनींबाबतच्या विकास नियमात बदल झाला आणि सार्वजनिक वापरासाठी मिळणारी जागा फार आक्रसली. चित्रकाराच्या डोक्यात तो नियम असेल असं मी म्हणत नाही. पण दोघं एकाच हवेत श्वास घेत होते. आता बघा, जुन्या भागात ब्रश कसा रेंगाळतो, छपरावर, भिंतीवर, आणि नव्या इमारतींपाशी कसा घाईत जातो. नव्या इमारती नुसत्या उभ्या आहेत. त्यांना कातडी नाही. हा चित्रकाराचा निवाडा आहे की त्याची मर्यादा? मला वाटतं, सुरुवातीला निवाडा होता, पुढे पुढे मर्यादा झाली. काचेचा टॉवर म्हातारा होत नाही, म्हणजे होऊ दिला जात नाही. दोरीला लटकून माणसं ती काच पुसतात. तो लटकणारा माणूस हाच आजचा 'रनिंग वुमन'च्या तोलाचा विषय आहे. काचेवर उमटणारं त्याचं प्रतिबिंब आणि त्याच्या हातातला फडका, यांचा पृष्ठभाग कसा रंगवायचा, हे मला पटवर्धनांच्या चित्रांतून अजून पुरेसं मिळालेलं नाही.

२०१४ चं 'मुंबई प्रॉव्हर्ब्स' सात भागांचं आहे, शहराचा सगळा प्रवास त्यात मावलाय. पुष्कळांना ते त्यांचं शिखर वाटतं. मला नाही वाटत. त्यात माहिती फार आहे. शहराची गोष्ट सांगायची म्हटली की एकेका काळाला एकेक खूण द्यावी लागते, आणि खूण झाली की पृष्ठभाग गेला. 'उल्हासनगर' काहीच सांगत नाही, नुसतं समोर उभं राहतं. मला ते जास्त पुरतं.

२०१९ च्या नोव्हेंबरअखेर मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' हे त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन उघडलं, नॅन्सी अडजानिया यांनी त्याची मांडणी केली होती. मी तीनदा गेलो. त्या इमारतीत मजले अर्धगोलात वर चढत जातात, त्यामुळे वरून खाली बघताना सत्तरच्या दशकातली माणसं आणि नंतरची शहरं एका नजरेत येत होती. तिथं मला जे दिसलं त्याचाच हा सगळा विस्तार आहे. खाली अंगाचे खांब, वर भिंतींची अंगं.

मी इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

(प्रश्न : तुम्ही म्हणता चित्रकारानं जवळ जायचा अधिकार घेतला नाही. पण डॉक्टर म्हणून तर त्यांनी त्याच माणसांना हात लावला होता. मग हा संयम म्हणजे मध्यमवर्गीय संकोचच नाही का?)

चांगला प्रश्न आहे, आणि थोडा तसा संकोच आहेच, मी नाकारणार नाही. पण दवाखान्यात माणूस स्वतः आलेला असतो. शर्ट काढा म्हटलं की काढतो, कारण त्याला बरं व्हायचंय. चित्रासाठी त्याला कुणी विचारलेलं नाही, आणि त्यात त्याचा फायदाही नाही. हा फरक ज्याला तीस वर्षं रोज कळत होता त्याच्या हाताला संकोच येणारच. माझी तक्रार संकोचाबद्दल नाही. बनियन रंगवताना तो आड आला आणि भिंत रंगवताना गळून पडला, याची नोंद करतोय. भिंत हरकत घेत नाही ना.

(प्रश्न : ज्यांची चित्रं आहेत त्यांनी ती कधी पाहिली का?)

थोड्यांनी. २००८-०९ च्या सुमारास पटवर्धनांनीच 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन चित्रांचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं होतं. कलादालनाची सवय नसलेल्या गावांत चित्रं न्यायची, हा त्यामागचा हेतू उघड होता. त्यात इतरांची चित्रं होती, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं ते सरळ उत्तर नव्हे. माझ्या ओळखीत उत्तर एकच आहे, ते मी मघाशी सांगितलं. त्यांनी हात बघितले होते.